आजीचं दंड घातलेलं लुगडं, एक गोधडी आणि तोंड वासून बसलेलं पुस्तक – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्रश्न तीन आहेत, पण तिन्हींची गाठ एकाच लुगड्याशी आहे. म्हणून वेगवेगळे धागे न काढता एकत्रच विचारते.

गेल्या वर्षी नोकरीतून मोकळी झाले आणि शिवणाचं मशीन माळ्यावरून खाली आलं. आधी नातवाला दुपटं, मग दोन गोधड्या झाल्या. त्यानंतर एका शिबिरात वह्या बांधायला शिकले आणि ते दुसरं वेड लागलं. आता जेवणाच्या टेबलावर एकीकडे चिंध्यांचं गाठोडं, दुसरीकडे पुठ्ठे, दाभण आणि खळीची वाटी. नवरा रोज संध्याकाळी विचारतो, "आज पंगत जमिनीवरच ना?"

तर लुगडं. माझी आजी (आईची आई) कराडकडची. तिचं एक इरकली लुगडं आईच्या ट्रंकेत निघालं. गडद हिरवं सुती अंग, तांबडे काठ, तांबड्या रेशमी पदरावर पांढरी टोपतेनी नक्षी. नऊवारी म्हणून मोजायला घेतलं तर जेमतेम साडेसात वार भरलं. उलगडल्यावर कळलं, मधला विरलेला भाग आजीनं काढून टाकलाय आणि दोन्ही चांगली टोकं जोडून दंड घातलाय. हिरव्या कापडावर पांढरा दोरा. हाताशी तोच असणार.

आता अडचणी.

१. बसायच्या जागी लुगडं पुन्हा विरलंय. उजेडासमोर धरलं तर पलीकडची खिडकी दिसते. एका कोपऱ्यात धावदोरा घालून पाहिला. दोरा जरा ओढला तर टाका जागेवर राहिला आणि कापडच त्याच्याभोवती उलगडत गेलं. मग शिंप्याकडून इस्त्रीनं चिकटणारं पेस्टिंग आणून एका तुकड्याला लावलं. तो तुकडा आता फाईलच्या कव्हरासारखा ताठ झालाय. असली गोधडी पांघरायची कशी?

२. दुसऱ्या बाजूला मावसभावंडांसाठी एक पुस्तक करतेय. आजीची आईला आलेली पोस्टकार्डं, तिच्या हिशेबाच्या वहीतली पानं, जुन्या खणांचे तुकडे, फोटो, दोन-चार बटणं, असं सगळं चिकटवून आणि शिवून. जाड हातकागद घेतला, आठ-आठ पानांच्या सहा जुसा (मधून दुमडून एकात एक घातलेल्या पानांचे गठ्ठे) केल्या, शिवल्या. कोरं होतं तोवर दृष्ट लागेल असं दिसत होतं. चिकटवाचिकटवी झाल्यावर कण्याशी बोटभर आणि उघड्या बाजूला मूठभर जाड! मिटतच नाही. वर लुगड्याचा तुकडा चढवलेला पुठ्ठा भाजलेल्या पापडासारखा वळलाय.

३. पोस्टकार्डं निळ्या शाईची आहेत. एकाच्या कडेला ओली खळ लागली आणि "अ. उ. आ." (अनेक उत्तम आशीर्वाद) मधला "आ" पसरून डाग झाला. त्या दिवशी सगळं आवरून ठेवलं ते अजून हात लावलेला नाही.

शिवाय एक उपप्रश्न. सलग कापड मिळावं म्हणून दंड उसवावा का?

डोंबिवलीत राहते, पावसाळा तोंडावर आहे. तेव्हा दमट हवेचाही विचार करून सांगा.

वाकळ_आणि_उशी:

ताई, आधी दंडाचं. अजिबात उसवू नका. उसवलात तर तुमच्या हाती दोन तुकडे आणि भोकांची एक रांग येईल. सलग कापड येणार नाहीच. दंड गोधडीच्या बरोब्बर मध्यावर येऊ द्या.

आता विरलेल्या भागाचं. आमच्याकडे कोल्हापूरला वाकळ म्हणतात. वाकळेत विरलेलं कापड एकटं कधीच जात नाही. खाली मांजरपाट घ्या. कोरा मांजरपाट रात्रभर पाण्यात भिजवून, चोळून धुवा, त्यातली खळ निघाली पाहिजे. शिवाय तो आटतो. न धुता लावलात तर पहिल्याच धुण्यात खालचं आटेल, वरचं तसंच राहील आणि सगळीकडे चुण्या पडतील. मांजरपाट आणि लुगडं यांच्यामध्ये एखाद्या मऊ जुन्या साडीचा किंवा धोतराचा एक थर.

दोरा सुती घ्या. पॉलिस्टरचा रीळ जुन्या सुताला करवतीसारखा कापतो. दोरा नेहमी कापडापेक्षा थोडा कमकुवत हवा, म्हणजे ताण आला तर दोरा तुटतो, कापड वाचतं. बारीक सुई आणि ओळी जवळजवळ, अर्ध्या बोटाच्या अंतरानं. लोकांना वाटतं जास्त टाके म्हणजे जास्त भोकं. पण ओळी दाट असल्या की भार वाटला जातो, एकाच टाक्यावर येत नाही. तुमचा दोरा कापडातून फाडत गेला कारण खाली धरायला काही नव्हतं.

आणि शिवायला मधून नको, कडेपासून सुरुवात करा. चारी बाजूंनी गोल फिरत आत या. माझी आत्या गोधडी जमिनीवर अंथरून, स्वतः तिच्यावर बसून कडेनं सरकत सरकत शिवायची. शेवटचा टाका पडायचा तेव्हा बरोबर मधोमध बसलेली असायची. मग उठायला कुणीतरी हात द्यायचा.

खळ_पुठ्ठा_दाभण:

पुस्तकाचं मी सांगतो. हौशी बांधणारा आहे, पण हा मार दोनदा खाल्लाय.

पुस्तक तोंड वासतं कारण पानांमध्ये भर पडली आणि कण्यात पडली नाही. नव्यानं करायचं असेल तर प्रत्येक जुसेत पानांच्या मधेमधे बोटभर रुंदीच्या घडी केलेल्या कागदाच्या पट्ट्या घालून जुसेबरोबरच शिवायच्या. तेवढ्यानं कणा जाड होतो आणि वरच्या चिंध्यांना जागा मिळते. तुमचं शिवून झालंय, तेव्हा उलटं करा. काही रिकामी पानं असतील तर ती कण्याशी बोटभर पट्टी ठेवून बाकीची कापून टाका. पूर्ण उपटू नका, उपटलंत तर घडीतलं पलीकडचं पान सुटून येईल. एक आड एक पान असं गेलं की पुस्तक बरंच मिटेल. बटणं मात्र पानाच्या मध्यावर नकोत, एकावर एक तर नकोतच. एक वर, पुढचं खाली.

पुठ्ठ्याचं गणित सोपं आहे. ओलं कापड वाळताना आखडतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. म्हणून आतल्या बाजूलाही कागद चिकटवायचा, तो उलट्या बाजूनं ओढतो. शिवाय पुठ्ठ्याला आणि गिरणीच्या कागदाला तंतूची दिशा असते. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. जिकडे सहज वाकतो ती घडी तंतूच्या दिशेची. ती घडी कण्याला समांतर यायला हवी. आडवी आली तर कितीही वजन ठेवा, पापड होणारच. हातकागदाला ही भानगड फारशी नसते, त्याचे तंतू सगळीकडे पसरलेले असतात. तुम्ही हातकागद घेतलात ते बरं केलंत. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद तिथे मिळतो. गोधडीच्या धाग्यावर हे सांगायला मौज वाटते.

खळ पातळ होती का? एक वाटी मैद्याला चार ते पाच वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळत, पारदर्शक दिसेपर्यंत. मग गाळून गार करायची. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. आंबूस वास आला की फेकायची. लुगड्याचा तुकडा थेट पुठ्ठ्यावर चढवू नका, खळ आरपार येऊन डाग पडतो. आधी त्याच्या पाठीला पातळ कागद चिकटवून वाळवा, मग ते जोडकापड पुठ्ठ्यावर घ्या. नंतर कोऱ्या कागदात ठेवून रात्रभर वजनाखाली. सकाळी कागद बदला, पुन्हा रात्रभर.

जुने बांधणीवाले कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. तुम्ही घालू नका. विषारी आहे आणि तुमच्या घरात नातू आहे.

स्पष्टवक्ता:

एवढं जपायचं तर कापताच कशाला? ट्रंकेत होतं ते काय वाईट होतं?

धागाकर्ती:

@स्पष्टवक्ता, ट्रंकेत दर पावसाळ्यात त्याला बुरशीचा वास येतो आणि घड्यांवर ते चिरत चाललंय. आणि आजीनं स्वतःच त्याला कात्री लावली होती हो, मी दुसरी.

@वाकळ_आणि_उशी, मांजरपाट आत्ताच भिजत घातला. पाण्यावर पांढरट सायच आली!

न्यूजर्सीची_नणंद:

ताई, मी इथल्या क्विल्ट करणाऱ्या बायकांमध्ये बसते, म्हणून दोन गोष्टी. इथे पाव इंचाची शिलाई, कापायला फिरतं पातं, मध्ये कापसाचा थर, सगळं मोजूनमापून. पहिली वाकळ नेली तेव्हा त्यांनी विचारलं, "आतला कापूस कुठाय?" सांगितलं, आत दोन साड्या आहेत. त्यांना ते फार आवडलं.

दुसरी गोष्ट कामाची. १८८० च्या दशकात इथे वेड्यावाकड्या रेशमी तुकड्यांच्या क्रेझी क्विल्टची मोठी लाट आली होती. सगळे तुकडे खालच्या एका साध्या कापडावर शिवायचे. त्यातलं बरंच रेशीम आज चुरा होऊन गळतंय, कारण वजन वाढावं म्हणून त्या काळी रेशमावर धातूंचे क्षार चढवायचे. खालचं साधं कापड मात्र धड आहे. तेव्हा तुमचा रेशमी पदर धुवायच्या गोधडीत घालू नका. तो पुस्तकाकडे द्या, सुती अंग गोधडीकडे. वाटणी आपोआप झाली.

वरती कडेपासून आत शिवायचं म्हटलंय त्यावरून आठवलं. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी समाजातल्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांच्या गोधड्या, अशाच शिवतात. शेवटी चारी कोपऱ्यांत घडी केलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसलेली कवंदी त्यांना उघडी वाटते.

बासनातली_पोथी:

पोस्टकार्डांबद्दल. ती चिकटवूच नका. रंगीत झेरॉक्स काढा, झेरॉक्स चिकटवा. मात्र लेझरची झेरॉक्स हवी. घरच्या इंकजेटची प्रत ओल्या खळीनं तुमच्या "आ"सारखीच पसरेल. मूळ कार्डं पुस्तकात हवीच असतील तर जुन्या अल्बमसारखं करा. पानाला चार तिरक्या चिरा द्या आणि त्यांत कोपरे अडकवा. कधीही काढून मागची बाजू वाचता येते. सेलोटेप चुकूनसुद्धा नको.

आणि एक वेगळं सुचवतो, पटलं तर बघा. सगळं शिवून बांधलंच पाहिजे असं कुठे आहे? आपल्या पोथ्या सुट्या पानांच्याच असायच्या. वर-खाली फळी आणि भोवती कापड. पेशवे दफ्तरातले कागदही रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. मूळ कार्डांची अशी सुटी पोथी करा आणि लुगड्याच्या चांगल्या भागाचा रुमाल. पावसाळ्यात उघडून वारा देता येतो, बांधलेल्या पुस्तकाला तेवढा नीट देता येत नाही. वेखंडाची पुरचुंडी जवळ ठेवा, कागदाला न टेकवता.

धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार. बारा दिवसांनी लिहितेय, कारण हात कामात होते.

एक आड एक अशी अकरा पानं कापली. कापताना जीव खालीवर झाला. पण पुस्तक मिटलं. अजून किंचित ओठ उघडे आहेत, ते चालतील. पुठ्ठ्याला आतून कागद लावला, दोन रात्री पाटा-वरवंट्याखाली ठेवला, पापडाची पोळी झाली. कार्डांची पोथीच करायची ठरवलीय. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग मला रोज एक काढून वाचता येईल." तिला हे आधी का विचारलं नाही कोण जाणे.

गोधडीच्या कडेच्या तीन फेऱ्या झाल्यात. दंड मध्यावर येतोय. सुती दोरा आणि दाट ओळी, अजून एकही टाका फाटलेला नाही.

आता नवा घोळ. तांबड्या काठाचं टोक ओलं करून पांढऱ्या रुमालात दाबून ठेवलं होतं. सकाळी रुमालावर गुलाबी पट्टा. म्हणजे काठ गोधडीत गेला तर पहिल्या धुण्यात मांजरपाट होळी खेळणार. आणि पुठ्ठ्यावर खळीनं लावला तरी ओला होणारच. काठ पुस्तकात नुसता शिवून लावला तर चालेल का? मशीननं कागद शिवताना टाका किती लांब ठेवायचा?

खळ_पुठ्ठा_दाभण:

चालेल. टाका चारवर ठेवा. बारीक टाक्यानं कागद पोस्टाच्या तिकिटासारखा टोचला जातो आणि त्याच रेषेवर फाटतो. कागदासाठी सुई वेगळी ठेवा, ती लगेच बोथट होते. तीच पुन्हा लुगड्यावर घेऊ नका.

धागाकर्ती:

घेतलीच होती. काढते.