पळसावरचा शिंजीर: क्रॉप करू की फांदी ठेवू?

मळ्यातली_सकाळ:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला उत्तर देता यायचं नाही.

माझं माहेर पन्हाळ्याच्या पूर्वेला, पायथ्याशी. मळ्याच्या उगवतीकडच्या बांधावर एक जुना पळस आहे. माघ सरता सरता त्याची पानं झडतात आणि होळीपर्यंत झाड नुसतं केशरी होऊन उभं असतं. मी राहते कळंब्याकडं. गेले तीन रविवार पहाटे साडेपाचला गाडी काढून मळ्यात जातेय. सूर्य पावणेसातच्या सुमारास वर येतो आणि सातच्या आत झाडावर बाजार भरतो: साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, खारी, आणि त्यांच्या गर्दीतून वाट काढत फिरणारे दोन-तीन जांभळे शिंजीर. मला फोटो हवाय तो शिंजिराचा, आणि तोही पळसावरचा.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) डीएसएलआर, २४ मेगापिक्सेल. लेन्स ७०-३०० मिलिमीटरची. साधारण पाच मीटरवर उभी राहते, त्याहून जवळ गेलं की पक्षी उडतात.

अडचण अशी. पूर्ण फ्रेम ठेवली की फांद्याच फांद्या, फुलंच फुलं, आणि त्यात पक्षी शोधावा लागतो. क्रॉप केला, म्हणजे फोटोच्या कडा कापल्या, तर पक्षी मोठा होतो, पण पळस जातो. उरतात दोन पाकळ्या आणि एक काळा पक्षी. काळा म्हणजे अक्षरशः कोळसा. नर समोर बसलेला असताना मला डोळ्यांनी निळा-जांभळा झळाळताना दिसतो आणि फोटोत तो रंगच नाही. मादीचे फोटो बरे आलेत, पोटाचा फिक्कट पिवळा रंग छान दिसतो.

गेल्या वर्षी एका प्रदर्शनात असाच एक फोटो दिला होता. परीक्षक म्हणाले, "पक्षी फार लहान आहे, फ्रेम भरायला शिका." ते मनाला फार लागलं. कारण मला त्या फोटोत आवडलं होतं ते हेच, की एवढं थोरलं झाड आणि त्यात एवढासा जीव. ते दिसावं कसं, हे मला जमत नाहीये. क्रॉप करू का फांदी ठेवू?

लांबलेन्स:

ताई, ३०० कमीच पडतं लहान पक्ष्यांना. १५०-६०० घ्या, नाहीतर शनिवार-रविवारपुरती भाड्यानं आणा. आणि क्रॉपचा हिशेब लक्षात ठेवा. लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केली की २४ मेगापिक्सेलचे ६ उरतात. मोबाइलवर चालतं, दहा इंची प्रिंटपर्यंत चालतं, मोठ्या प्रिंटला दाणे दिसायला लागतात.

ड्रॉइंग_मास्तर_निवृत्त:

ताई, मी बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्तीनंतर कॅमेरा हातात घेतला. त्यामुळं लेन्सपेक्षा कागदाच्या अंगानं बोलतो.

क्रॉप करू नका. तुमची ३०० ची लेन्स पुरेशी आहे. पाच मीटरवर चार इंचाचा शिंजीर तुमच्या फ्रेमच्या रुंदीचा जवळजवळ चौथा हिस्सा व्यापतो. चित्रात मुख्य आकृतीला चौथा हिस्सा म्हणजे चांगली ऐसपैस जागा झाली. पक्षी लहान नाहीये, त्याच्याभोवती गर्दी फार आहे. परीक्षकांना पक्षी सापडला नाही, म्हणून त्यांना तो लहान वाटला असेल.

आता गर्दी कमी कशी करायची. तुम्ही पक्ष्याच्या मागं लेन्स फिरवताय, हे तुमच्या लिहिण्यावरूनच कळतंय. तो जिथं बसेल तिथली फांदी, तिथलं आभाळ, तिथली काटकी तुम्हाला पत्करावी लागते. मुलांना मी आधी रिकामा कागद बघायला लावायचो. इथंही तेच करा. पक्षी विसरा आणि अर्धा तास फक्त पळस बघा. झाडाच्या घेरातून बाहेर आलेला, एकटा पडलेला एक घोस निवडा. पळसाचा घोस बुडाकडून टोकाकडं उमलत जातो. टोकाला काळपट मखमली कळ्या, मध्ये उमललेली फुलं, बुडाशी गळून गेलेल्या फुलांची रिकामी देठं. शिंजीर बहुधा त्या देठाच्या दांड्यावर बसतो आणि मान वर करून किंवा वळवून फुलात चोच घालतो. म्हणजे बुडाशी पायाला आधार, मध्ये मध, टोकाला कळ्या. फ्रेम झाडानंच बांधून ठेवलीय. फक्त ती आजची असते, तीन-चार दिवसांत फुलं वर सरकतात आणि तो घोस संपतो.

घोस निवडला की मागं काय आहे ते बघा. फांद्यांच्या फटीतून दिसणारं पांढरं आभाळ हा पळसाच्या फोटोचा सगळ्यात मोठा शत्रू. ती पांढरी भोकं पक्ष्याच्या आधी डोळ्यात घुसतात. दोन पावलं डावीकडं, एक पाऊल खाली, एवढ्यानं सगळं बदलतं. घोसाच्या मागं लांबवर सपाट एकरंगी काही मिळालं तर सोनं.

नर काळा का येतो, तेही तुमच्या बांधाच्या दिशेतच आहे असं मला वाटतं. झाड उगवतीच्या बांधावर आणि तुम्ही मळ्यात उभ्या, म्हणजे तोंड सूर्याकडं. शिंजिराचा निळा-जांभळा रंग जास्वंदीच्या लाल रंगासारखा आत भरलेला नसतो. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून उजेड परततो तेव्हाच तो दिसतो. सूर्य तुमच्या पाठीशी हवा. पक्ष्यानं मान जराशी वळवली की गळ्यावर रंग पेटतो, पुढच्या क्षणी विझतो. म्हणून एका बसण्याचे आठ-दहा फोटो काढायचे. बांधाच्या पलीकडं जाऊन, मळ्याकडं तोंड करून उभं राहता येईल का? मागं काय आहे तुमच्या?

केशरी रंगाबद्दल एक सांगायचं राहिलं. कोवळ्या उन्हात पळसाची पाकळी फार लवकर जळते. साधा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, ठीक दिसतो, पण त्यातला लाल रंगाचा आलेख उजवीकडं आदळलेला असतो. मग पाकळीवरची बारीक लव जाते आणि फूल प्लॅस्टिकचं दिसायला लागतं. एक्स्पोजर (आत घ्यायचा उजेड) दोन-तृतीयांश स्टॉपनं खाली घ्या, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये, काढा. नर त्यानं थोडा गडद होईल, पण ऊन पाठीशी असेल तर त्याची झळाळी राहते.

एखाद्या दिवशी वेळ काढून कोल्हापुरात राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय बघून या. त्यांची निसर्गचित्रं बघताना झाड कागदावर कुठं ठेवलंय आणि आभाळ किती मोकळं सोडलंय, एवढंच बघा. माणसं त्यांना सिनेनट म्हणून ओळखतात, मी त्यांच्या पावडर शेडिंगसमोर तासन्‌तास उभा राहिलोय.

मळ्यातली_सकाळ:

सर, तुम्ही न बघता आमचा मळा ओळखलात. मी खरंच सूर्याकडं तोंड करून उभी होते, तीनही रविवार.

बांधापलीकडं शेजारच्या तात्यांचं रान आहे. हरभरा काढून झालाय, रान मोकळंच आहे, तात्या हो म्हणाले. तिथून मळ्याकडं बघितलं तर पळसाच्या मागं वैरणीचा तुकडा, मग चाळीस-पन्नास पावलांवर आमचा ऊस. हिरवागार, डोक्याच्या वर गेलेला. काल संध्याकाळी जाऊन लेन्समधून बघून आले. घोसाच्या मागं ऊस असा पसरला, जणू कुणी हिरवा रंग पाण्यात सोडलाय. मी तिथंच थोडा वेळ बसून राहिले.

पण दोन गोष्टी. एक, चांगला घोस माझ्या डोक्याच्या बराच वर आहे, खालून काढला तर आभाळ येतं. दोन, बाबा म्हणाले, ऊसतोडीची टोळी पुढच्या गुरुवारी येणार. म्हणजे मागचं हिरवं आठवड्याचंच.

ड्रॉइंग_मास्तर_निवृत्त:

मग रविवारची वाट बघू नका, मधल्या वारी रजा टाका. ट्रॅक्टरची ट्रॉली असेल तर ती तात्यांच्या रानात आदल्या संध्याकाळीच लावून ठेवा, रात्रीत पक्ष्यांना तिची सवय होईल. ट्रॉलीत उभं राहिलात की घोस डोळ्यासमोर येईल. एका पोत्यात निम्मे तांदूळ भरून ट्रॉलीच्या फळीवर ठेवा आणि त्यावर लेन्स टेका, ट्रायपॉडपेक्षा बरं.

अपर्चर (लेन्सचं भोक; आकडा लहान तेवढं भोक मोठं आणि स्पष्ट खोली कमी) ५.६ ठेवलं तर पाच मीटरवर तुमच्याकडं जेमतेम सहा सेंटिमीटरची खोली फोकसमध्ये राहते. घोस तुमच्याकडं टोक करून आलेला असेल तर पक्षी स्पष्ट आणि फुलं पुसट होतील. आडवा, लेन्सला समांतर असलेला घोस बघा. फोकस डोळ्यावर, शटर १/१००० सेकंदापेक्षा संथ नको. पक्ष्याच्या चोचीपुढची जागा मोकळी सोडा आणि फ्रेम आधीच लावून ठेवा. तो आला की हलायचं फक्त बोट.

आणि वाट बघा. शिंजीर गेला तर बहुधा परत येतो. फुलात मध पुन्हा साठतो हे त्याला माहीत असतं.

घाटमाथा_गगनबावडा:

मास्तरांनी सगळं सांगितलंय, मी फक्त फुलांची भर घालतो. पळस हुकला तरी हंगाम संपत नाही. आमच्याकडं घाटाच्या कडेला आत्ता धायटी फुललीय. झुडूप कमरेएवढं-डोक्याएवढं, त्यामुळं ट्रॉली लागत नाही, पक्षी आपोआप डोळ्याच्या रेषेत येतो. लाल नळ्यांसारखी बारीक फुलं सगळ्या फांदीभर. इथं छोटा शिंजीर येतो, फक्त पश्चिम घाटात सापडणारा, जांभळ्या शिंजिराहूनही लहान. शहरात असाल तर आंब्यावरचं बांडगूळ शोधा. लोक त्याला शिव्या देतात, पण त्याच्या नारिंगी नळ्यांवर शिंजीर आणि फळांवर फुलटोच्या हा चिमुकला पक्षी हमखास. परसात शेवगा असेल तर चष्मेवाल्यांचा थवा येतो, पांढऱ्या फुलांत हिरवे-पिवळे पक्षी, फार गोड फ्रेम होते.

एक कळकळीची विनंती, ताईंना नाही, वाचणाऱ्या सगळ्यांनाच. हे दिवस शिंजिराच्या विणीचे आहेत. कोळ्याच्या जाळ्यानं विणलेली लोंबती पिशवी दिसली, बाजूला दार आणि दारावर छोटंसं छप्पर, तर तिथून मागं फिरा. समोरची फांदी बांधून बाजूला करणं, पानं तोडणं, मोबाइलवर आवाज वाजवून नराला बोलावणं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पानं तोडलेलं घरटं दुसऱ्या दिवशी कावळ्यानं फाडलेलं होतं. त्या फोटोला नंतर खूप वाहवा मिळाली. मी आजपर्यंत घरट्याचा एकही फोटो काढलेला नाही आणि काढणार नाही.

लांबलेन्स:

ताई, माझं लेन्सचं म्हणणं मागं घेतो. तुमचा फोटो बघायची वाट बघतोय.

मळ्यातली_सकाळ:

बुधवारी रजा टाकली. मंगळवारी संध्याकाळी भावानं ट्रॉली लावून दिली, आईनं तांदळाचं पोतं दिलं आणि "सांडू नको" म्हणून बजावलं.

पावणेसातपासून ट्रॉलीत उभी. घोस एकच धरला, आडवा, तेरा फुलं उमललेली. मोजली, कारण दुसरं काही करायचंच नव्हतं. वर झाडात शिंजिरांची गडबड ऐकू येत होती, आणि लेन्स उचलून तिकडं वळवायचा मोह आवरणं हेच सगळ्यात अवघड गेलं. पहिला तास घोसावर कोणी आलंच नाही. एकदा खार आली, एक फूल पाडून गेली. मग बारा उरली.

आठला दहा कमी असताना मादी आली, दोन फुलं करून गेली. तिच्या मागोमाग नर. तो बुडाच्या रिकाम्या देठावर बसला, मास्तर म्हणाले होते अगदी तिथंच. चोच फुलात गेली, बाहेर आली, आणि चोचीच्या मुळाशी पिवळी पूड लागलेली मला लेन्समधून दिसली. त्यानं मान उगवतीकडं वळवली आणि गळ्यापासून छातीपर्यंत निळं उजळलं. नऊ वाजेपर्यंत तो सात वेळा आला. एकशे चाळीस फोटोंतला एक ठेवलाय. पक्षी डाव्या बाजूला, खाली. त्याच्यापुढं फुलं, टोकाला काळ्या कळ्या, आणि बाकी सगळी फ्रेम उसाची हिरवी. क्रॉप केलेला नाही. आईला मोबाइलवर दाखवला तर तिनं आधी बोट पक्ष्यावर ठेवलं.

गुरुवारी तोड झाली. संध्याकाळी ट्रॉली आणायला गेले तेव्हा पाचटाचा वास होता आणि ऊस होता तिथं मोकळं रान. सहज लेन्समधून त्याच घोसाकडं बघितलं. आता त्याच्या मागं थेट पन्हाळ्याचा कडा दिसतो, निळसर, संध्याकाळच्या धुरकटीत. टोकाच्या चार-पाच कळ्या अजून उमलायच्या आहेत.

सर, ५.६ ला गड पार पुसून जातोय. गड ओळखू यावा पण शिंजिरावर चढू नये, तर अपर्चर किती ठेवू? शनिवारी जातेय.