उघड्या पत्र्यावर प्रायमर मारून पावसाळाभर ठेवण्याविषयी

गाडीचा पत्रा रंग काढून उघडा केल्यावर त्यावर राखाडी सरफेसर (रंगाआधी पृष्ठभाग सपाट करणारा थर) मारून ठेवला की चतुर्थीपर्यंत काम थांबले तरी चालते, असे म्हटले जाते; हे मत मला पटत नाही. पत्रा लगेच झाकावा हे खरे. परंतु सरफेसर सच्छिद्र असल्याने ओलावा शोषून घेतो आणि गंज खालूनच सुरू होतो. सवडीने चालणाऱ्या घरगुती कामाला दोन घटकांचा (राळ आणि हार्डनर मिसळून वापरायचा) इपॉक्सी प्रायमरच योग्य, आणि तोही खाली ॲसिडयुक्त एच (etch) प्रायमर न देता, कारण त्या ॲसिडमुळे बहुतेक इपॉक्सी नीट चिकटत नाहीत.

दवबिंदूकडे, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊन पृष्ठभागावर साचू लागते त्याकडेही, लक्ष द्यावे. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असावे, असा औद्योगिक रंगकामातील सर्वमान्य दंडक आहे. आपल्याकडे जुलैत हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू २६ अंशांच्या वर जातो. म्हणजे तो दंडक पाळायचा तर पत्रा हॅलोजन दिव्याने तापवावाच लागतो (पंख्याने हे साधत नाही). कळंगुट-मिरामारसारख्या किनारी भागात घासण्यापूर्वी पत्रा गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा, कारण सँडपेपरने मीठ निघत नाही, पसरते. डब्यावर दिलेली पुढच्या थराची मुदत उलटली असेल, तर इपॉक्सी पुन्हा हलकेच घासून मगच सरफेसर द्यावा.