मदत हवी आहे : कमी बुद्ध्यांक आणि बालगुन्हेगारी
सप्रेम नमस्कार. ठाण्यातील वागळे इस्टेट परिसरात शाळा अर्धवट सोडलेल्या मुलांसाठी मी अभ्यासवर्ग चालवते. ‘मंदबुद्धीची मुलेच गुन्हेगारीकडे वळतात’ असे मुलांदेखत बोलले जाते, याचे मला फार वाईट वाटते. हर्शी आणि हिंडेलांग या अमेरिकी अभ्यासकांनी १९७७ मध्ये कमी बुद्ध्यांक व बालगुन्हेगारी यांचा संबंध मान्य केला. मात्र त्यांच्या मते तो प्रामुख्याने शाळेतील अपयश आणि शाळेविषयीची नावड यांच्या वाटेने घडतो, आणि मला हाच दुवा महत्त्वाचा वाटतो, कारण तेथे आपल्याला काही करता येते. मराठी माध्यमाच्या मुलांची बुद्ध्यांक मोजणारी बिने-कामत चाचणी ठाणे किंवा नवी मुंबईत अल्प शुल्कात कोठे होते, आणि पालकांना समजेल असे या विषयावरील मराठी लेखन कोणते, हे जाणकारांनी कृपया कळवावे.