फ्रोझन सॅल्मन की ताजा? पैसे नक्की कशाचे मोजायचे?

हिशेबनीस
"ताजा" म्हणजे फक्त "न गोठवलेला". मासा पाण्याबाहेर कधी आला, हे त्या शब्दातून कळत नाही. बर्फात शून्य अंशाच्या आसपास नीट ठेवलेला सॅल्मन साधारण दोन आठवडे खाण्याजोगा राहतो, पण पहिल्या आठवड्यानंतर चव उतरू लागते. नॉर्वे किंवा चिलीहून निघून काउंटरवर येईपर्यंत यातले किती दिवस प्रवासात गेले, ते विचारून बघा. क्वचितच कुणी सांगेल. उलट काढल्यावर लगेच उणे ३०-४० अंशांत गोठवून व्हॅक्यूम पॅक केलेल्या तुकडीचं घड्याळ तिथेच थांबतं. शिवाय हा माल जहाजाने जातो, विमानाचं भाडं लागत नाही आणि न खपलेला फेकावा लागत नाही. म्हणून तो स्वस्त असतो, हलक्या प्रतीचा असतो म्हणून नव्हे. माझं मत: काढल्याची तारीख कळत नसेल तर डोळे झाकून फ्रोझन.

काटेकोर
डोळे झाकून काहीच घेऊ नका, मासा तर नाहीच! घड्याळ थांबतं हे अर्धंच खरं. उणे १८ अंशांत जिवाणूंची वाढ थांबते, चरबीचं खवट होणं थांबत नाही, फक्त मंदावतं. मत्स्यशेतीत वाढवलेल्या अटलांटिक सॅल्मनमध्ये चरबी भरपूर, तीच त्याची चव आणि तीच आधी बिघडते. घरच्या फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने ही मर्यादा धरा.

दुसरी गोष्ट पोताची. उणे १ ते उणे ५ अंश हा टप्पा जितका रेंगाळत पार होतो, तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि स्नायूंच्या पेशी फाडतात. वितळल्यावर ताटलीत जे गुलाबी पाणी साचतं ते नुसतं पाणी नसतं, मांसातला रस असतो. तो गेला की शिजवल्यावर चोथा. कारखान्यात हा टप्पा झटपट पार होत असेल, पण पुढे वाहतुकीत पिशवी अर्धवट वितळून पुन्हा गोठली तर केलेलं सगळं पाण्यात. पिशवीच्या आत सुटा बर्फ किंवा एका कोपऱ्यात गोठलेला गुलाबी रस दिसला तर ती परत ठेवा.

आणि शेतीतला मासा बाराही महिने मागणीनुसार काढता येतो. तो गोठवायची गरजच काय?

कल्लेपारखी
तुम्ही दोघं दोन वेगळ्या माशांबद्दल भांडताय. काटेकोर अटलांटिकबद्दल बोलतायत, तिथे त्यांचं बरोबर. पण सॉकाय, कोहो, पिंक हे पॅसिफिकचे रानटी सॅल्मन नद्यांकडे परततात ते मुख्यतः उन्हाळ्यात. हंगाम संपला की "ताजा रानटी सॅल्मन" म्हणून जे समोर येतं, ते बहुतेक वेळा वितळवलेलं असतं. अलास्कात तर १९९० पासून मत्स्यशेतीलाच बंदी आहे, म्हणजे तिथला सॅल्मन रानटीच. त्यासाठी हंगामाबाहेर फ्रोझन हाच सरळ मार्ग.

खरी फसगत तिसऱ्याच मालात आहे: गोठवलेला, दुकानात वितळवलेला आणि ताज्याच्या भावात बर्फावर मांडलेला. लेबलवर "आधी गोठवलेला" असं बारीक अक्षरात असतं, ते वाचा. त्याच्यात फ्रोझनचं पोत आहे आणि शिवाय वितळल्यापासूनचे दिवस वाया गेलेत. घरी नेऊन तो पुन्हा गोठवला तर उरलंसुरलं पोतही जातं.

ताजा फिले, म्हणजे काटा काढलेला काप, पारखताना बोटाने दाबा. खळगा लगेच भरला पाहिजे. पापुद्रे एकमेकांपासून सुटलेले असतील तर मासा जुना, किंवा हाताळताना आपटलेला. अख्खा असेल तर कल्ले लाल आणि डोळे फुगीर, स्वच्छ. रंगावर मात्र जाऊ नका, शेतीतल्या माशाचा केशरी रंग खाद्यातल्या अस्टाझँथिन या रंगद्रव्यामुळे येतो. ताजेपणाशी त्याचा संबंध नाही.

हिशेबनीस
वितळवलेल्या मालाबद्दल शंभर टक्के मान्य. पण भावाचा हिशोब कुणी करत नाही, म्हणून मीच मांडतो, आणि तो माझ्याच बाजूला थोडा अडचणीचा आहे. मासा सुकू नये म्हणून वर बर्फाचा पातळ थर देतात, त्याला ग्लेझ म्हणतात. समजा १००० ग्रॅमच्या पाकिटात १० टक्के ग्लेझ आहे. उरला ९०० ग्रॅम मासा. वितळताना ५ टक्के पाणी सुटलं तर हातात ८५५. म्हणजे फ्रोझन १५ टक्क्यांनी स्वस्त दिसत असेल तर प्रत्यक्षात भाव सारखाच! निव्वळ वजन ग्लेझ वगळून छापलेलं असेल तर फक्त सुटणारं पाणी वजा करा. पहिल्या पाकिटाला वितळल्यावर, पुसून, काट्यावर ठेवा. पुढच्या वेळी अंदाज बांधावा लागणार नाही.

कच्चंच_बरं
कच्चा खायचा असेल तर या वादाला जागाच नाही. रानटी सॅल्मनमध्ये अनिसाकिस नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात. अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाची, शिफारस अशी: उणे २० अंशांवर ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर कडक होईपर्यंत गोठवून त्याच तापमानात १५ तास. घरचा फ्रीजर बहुधा उणे १८ च्या आसपास असतो, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि गोठवल्याने अळ्या मरतात, लिस्टेरियासारखे जिवाणू मरत नाहीत. म्हणजे "फ्रोझन आहे, आता काहीही चालेल" हेही चूक.

काटेकोर
त्यातही, शेतीत फक्त गोळीखाद्यावर वाढलेल्या माशाला युरोपीय संघात ठरावीक अटींवर या गोठवण्यातून सूट आहे. सरसकट फ्रोझन सक्तीचं नाही.

बरं, फ्रोझनच्या बाजूने इतकं बोलताय तर वितळवायचं कसं ते सांगा. निम्मा मासा तिथेच मरतो. ओट्यावर दुपारभर ठेवला की कडा कोमट, गाभा दगड.

मंद_आच
फ्रीजमध्ये, ४ अंशांखाली, रात्रभर. पण व्हॅक्यूम पाकीट आधी कापा, हे फार लोक विसरतात. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विष तयार करणाऱ्या जिवाणूचा टाइप ई हा प्रकार हवेशिवाय ३.३ अंशांच्या वरच वाढू लागतो, म्हणजे साध्या फ्रीजच्या तापमानातही. तुकडी काढून जाळीवर ठेवा, खाली ताटली, वर झाकण. सुटलेल्या पाण्यात ती लोळली की पृष्ठभाग लिबलिबीत होतो. घाई असेल तर हवाबंद नसलेल्या पण पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून थंड पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत, आणि मग लगेच शिजवा.

त्यानंतर लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, त्यात १० मिनिटं. शिजताना वर येणारा पांढरा साका, म्हणजे अल्ब्युमिन हे प्रथिन, कमी होतो. मग कागदाने कोरडी टिपा. कातडी ओली राहिली तर तवा कितीही तापवा, ती चिकटणार.

माशाच्या आतलं तापमानही प्रकारानुसार वेगळं ठेवा. अटलांटिकचा गाभा ५० ते ५२ अंशांवर रसरशीत लागतो. सॉकायमध्ये चरबी कमी, तो ४८-४९ ला उतरवा. अधिकृत सुरक्षित आकडा ६३ आहे, गरोदर किंवा आजारी माणसासाठी तोच पाळा. फ्रोझन सॉकाय ६३ पर्यंत नेऊन "फ्रोझन कोरडा लागतो" म्हणणाऱ्यांनी आधी थर्मामीटर घ्यावा.

काटेकोर
थर्मामीटर मान्य. कुरकुरीत कातडीसाठी मात्र मी अजूनही ताजाच घेणार. वितळलेली कातडी कितीही टिपा, मांसातून पाणी झिरपतच राहतं.

हिशेबनीस
घ्या. फक्त काढल्याची तारीख विचारून घ्या.