मदत हवी आहे: तिसरीच्या लेकरांना वाचनाचं ध्येय कसं ठरवायला लावू?

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात एकोणीस लेकरं, त्यातली सात ऊसतोड कामगारांची. दिवाळीच्या सुमारास काही जण आईबापासोबत फडावर जातात, परततात तेव्हा निम्मं विसरलेलं असतं.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाचं लक्ष्य तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून. माझी काही मुलं पंधरावर अडखळतात. त्यांच्यापुढे ६० चा आकडा ठेवला की ती पुस्तकच मिटतात. म्हणून आता ध्येय त्यांनाच ठरवू देते. एका मुलीनं ठरवलं, "या आठवड्यात र जिंकायचा." सूर्य, चक्र, राष्ट्र, सुऱ्या, एकच र, चार रूपं! रोज दोन शब्द वहीत, आणि शनिवारी आजीला वाचून दाखवायचे. पाचव्या दिवशी तिनं 'राष्ट्र' न थांबता वाचलं, तेव्हा माझेच डोळे भरून आले.

पण सगळ्यांचं असं होत नाही. एक मुलगा दर वेळी "पूर्ण पुस्तक वाचतो" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी हिरमुसतो. त्याचा उत्साह न मोडता ध्येय लहान कसं करायला लावू? आणि फडावर गेलेल्या लेकरांचं ध्येय फोनवरून कसं चालू ठेवता? पालक रात्री उशिरा कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर येतात, थकलेले असतात, त्यांच्यावर भार टाकायला जीव धजत नाही.

कुणी केलं असेल तर अगदी बारीकसारीक सांगा.