मागीलदारी न्हाणी-संडास: तळ्याकाठच्या जुन्या घराला कसा जोडावा?

तळेकाठ:
सिंधुदुर्गातल्या धामापूर तळ्याच्या काठचं घर. मातीत रचलेला जांभा चिरा, वर मंगलोरी कौलं. म्हाताऱ्या माणसांसाठी मागीलदारी २ मीटर रुंदीची न्हाणी-संडास हवी आहे. विहीर १२ मीटरवर, पावसात तिचं पाणी हातभर खाली असतं. ठेकेदार म्हणतो: माजघराची भिंत फोडून दार, कौलांचा उतार तसाच पुढे ओढायचा, भिंतीवर ५०० लिटरची टाकी, बाजूला शोषखड्डा, आणि घराला आतून सिमेंटचा गिलावा. यातलं काय टाळावं?

ओळंबा:
जवळजवळ सगळंच. आधी शोषखड्डा. भारतीय मानकानुसार (आयएस २४७०) तो पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर लांब हवा. तुमची विहीर १२ वर. शिवाय भूजल १.८ मीटरच्या आत असेल तर खोल खड्डा चालत नाही. पावसात तो खालूनच भरतो आणि संडासचं पाणी मागे फिरतं. जांभ्याच्या भेगांतून मैलापाणी गाळलं न जाता थेट विहिरीत उतरतं, ते वेगळंच. पाच माणसांना आतून १.५ × ०.७५ मीटर आणि पाण्याची खोली १ मीटर, अशी पाणबंद सेप्टिक टाकी बांधा. तिचं पाणी विहिरीच्या उलट बाजूला, तळ्यापासूनही लांब, जमिनीवर भर घालून केलेल्या उथळ चरांत सोडा. तयार प्लास्टिकची टाकी घेणार असाल तर बुडाला काँक्रीटमध्ये जखडा आणि उपसा वैशाखात करा. १००० लिटरची रिकामी टाकी भर पावसात सुमारे टनभर जोराने वर ढकलली जाते, सोबत पाइपही उखडतात.

वळचण:
कौलांचा उतार ओढायचा विचार सोडा. ३० अंशाचा उतार २ मीटरवर १.१५ मीटरच्या आसपास खाली येतो. वळचण सात फुटांवर असेल तर नव्या खोलीच्या टोकाला डोकं सोडा, छातीही मावणार नाही. मग गवंडी उतार चपटा करतो आणि वाऱ्याचा पाऊस कौलांखाली शिरतो. पहिल्या दोन वर्षांत वासे काळे पडतात.

जुनी न्हाणी घरापासून सुटी असायची ती काही सोवळ्यासाठीच नाही. तिची ओल मुख्य भिंतीला लागू नये म्हणूनही. नवा भागही तीन फूट सुटा ठेवा, मध्ये छोटी छपरी. जोतं, भिंती, स्लॅब त्याचे त्याचे. टाकी आणि सोलर बंब त्याच स्लॅबवर. ५०० लिटर म्हणजे अर्धा टन, तो मातीत रचलेल्या भिंतीवर नको. आणि नवा पाया जुन्याच्या बुडापेक्षा खोल नेऊ नका.

तळेकाठ:
मग दार कुठून काढायचं?

ओळंबा:
मागची खिडकी आहे ना? तिच्या खालचे चिरे एकेक काढा, वरचा लाकडी पाट (खिडकीवरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी फळी) तसाच राहू दे. पाट वाळवीने पोकळ झालाय का ते आधी स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर टेकू देऊन पाट बदला, मगच चिरे काढा. उंबरठा २० मिमीपेक्षा उंच नको, म्हाताऱ्यांचा पाय तिथेच अडतो. न्हाणीच्या जमिनीला मीटरमागे १५ मिमी उतार जाळीकडे.

चुनखडी:
सिमेंटचा गिलावा नको. जांभा ओल ओढतो आणि वाळताना बाहेर सोडतो. गिलाव्याने ती कोंडते, वर चढते आणि कंबरेएवढ्या उंचीवर पापुद्रे सुटायला लागतात. सगळ्या घरात प्लास्टिकच्या कागदावर टाइल्स बसवल्या तरी तेच, जमिनीखालची ओल भिंतीतून वाट काढते. चिऱ्यांमधल्या फटी (दरजा) २० मिमी खरवडून चुना १ : वाळू ३ ने भरा, आठवडाभर ओलं गोणपाट लावा. काम कार्तिक ते फाल्गुनात.

सातबारा:
परवानगीचंही बघा. पाणथळ नियम २०१७ अधिसूचित पाणथळींच्या पूररेषेपासून ५० मीटरपर्यंत पक्कं बांधकाम रोखतात. सिंचनासाठी बांधलेले तलाव व्याख्येतून वगळले आहेत आणि धामापूर तसाच तलाव आहे, १५३० चा. पण २०२० पासून तो जागतिक सिंचन वारसा यादीत आहे, तेव्हा तोंडी होकारावर जाऊ नका. चरांच्या जागेसकट नकाशा ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या.