शब्दचर्चा: कोर्दोबाचा 'पातियो' म्हणजे अंगण, चौक की राजांगण?

भटकी: स्पेनमधल्या कोर्दोबावर लिहायला घेतलंय आणि पहिल्याच पानावर अडलेय. तिथल्या जुन्या घरांच्या मधोमध वरून उघडी जागा असते, तिला 'पातियो' म्हणतात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात या पातियोंची स्पर्धा भरते, १९२१ पासूनची. घरवाले दार उघडं ठेवतात, लोक बोळात रांगा लावून आत जातात, तिकीटबिकीट काही नाही. २०१२ मध्ये युनेस्कोने हा उत्सव अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. चुन्याने पांढऱ्याफेक केलेल्या भिंती आणि त्यांवर पार वरपर्यंत कुंड्या, बऱ्याचशा निळ्या. वरच्या कुंड्यांना पाणी घालायचं तर लांब काठीच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधलेला असतो. तो भरून वर न्यायचा आणि अलगद कलता करायचा. आता याला 'अंगण' म्हणू का?

पेठकर: अजिबात नको. अंगण घराच्या पुढे नाहीतर मागे. घराच्या पोटात असतो तो चौक. दोन चौकी वाडा म्हणतो ना आपण, तोच हा. पुण्याच्या वाड्यांत चौकाभोवती बिऱ्हाडं असायची, तशी कोर्दोबातही एका पातियोभोवती अनेक कुटुंबं भाड्याने राहत. विहीर सामाईक, धुणं सामाईक, भांडणंही सामाईकच असणार.

भटकी: पण 'कोर्दोबाचे चौक पाहिले' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला सिग्नल आणि पुतळा आठवेल.

पेठकर: आठवू दे. पहिल्यांदा 'घरातला चौक' लिहा, पुढे नुसता चौक चालतो. पालासियो दे वियाना या तिथल्या महालात तर असे १२ चौक आहेत, ते बाराही महिने बघता येतात. 'बारा चौकी वाडा' लिहून टाका, मराठी माणसाला थाट लगेच कळेल.

म्हापशेकार: आमच्या गोव्यात जुन्या हिंदू घरांत मधल्या उघड्या जागेला राजांगण म्हणतात. चारी बाजूंनी ओसरी, मध्ये तुळशीवृंदावन. शब्द सुरेख आहे, पण पातियोला वापरू नये असं माझं मत. राजांगण म्हटलं की तुळस आलीच.

भटकी: बरं, आणि रस्त्यावरचं दार व पातियो यांच्यामध्ये एक सावलीची जागा असते, 'सागुआन'. तिथे उभं राहिलं की आतला गारवा लागतो.

पेठकर: ढेलज! याहून नेमका शब्द मिळायचा नाही. देवडीही चालली असती, पण तिथे पहारेकरी बसलेला दिसतो.

नाइलवाट: मेस्कितातल्या 'पातियो दे लोस नारान्होस'चं काय करणार? तीही उघडीच जागा, पण ती घरातली नाही. आठव्या शतकात पहिल्या अब्दुर्रहमानने बांधायला घेतलेल्या मशिदीचं ते आवार. १२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजाकडे गेलं, मशिदीचं कॅथीड्रल झालं, मिनाराच्या जागी घंटाघर आलं, आवारात संत्र्यांच्या रांगा राहिल्या. तिथे 'चौक' खटकेल.

भटकी: मग 'नारिंगांचं आवार'?

नाइलवाट: छान. 'संत्रं' नकोच तिथे. स्पॅनिश 'नारान्हा' अरबी 'नारंज'वरून आला, तो फारसीतून, आणि त्याच्या मागे आपला संस्कृत 'नारंग'. म्हणजे 'नारिंग' लिहिलं की भाषांतर नाही, नातेवाईकाची ओळख करून दिली. शिवाय तिथली फळं कडवट असतात, नागपुरी संत्र्याच्या आशेने कोणी तोडायला नको.

म्हापशेकार: नदीकाठचं ते मोठं लाकडी चाक राहिलं की. 'नोरिया', अल्बोलाफियाची. राणी इसाबेलला त्याच्या करकरीने झोप येईना म्हणून तिने ते काढायला लावलं, असं सांगतात. आज दिसतं ते नव्याने बसवलेलं.

भटकी: त्याला 'पाणचक्की' लिहिलंय मी.

म्हापशेकार: पाणचक्की दळते. हे चाक पाणी वर उचलायचं, म्हणून रहाट. कडेला पाणी भरून घेणारी भांडी, म्हणजे रहाटगाडगंच. फरक इतकाच की आपल्याकडे बैल फिरतो, तिथे ग्वादाल्किविरचा प्रवाहच चाक फिरवायचा. तेवढं एक वाक्य घाला.

पेठकर: आणि नदीचं नाव मुळात अरबी 'वादी अल-कबीर', मोठी नदी. म्हणून 'ग्वादाल्किविर नदी' लिहिताना 'नदी' गाळली तरी चालेल.

भटकी: गाळत नाही. सांगलीच्या काकूंना नदी आहे हे कसं कळणार?